उगवतीकडचं पान

मौजे मोहगाव, तहसील तिरोडा
कार्तिक वद्य अष्टमी, १९ नोव्हेंबर १९०५

चि. हुकुमचंद,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. मनातून निघालेला नाही, तसाच समजावा.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमननं पाकिटावरचा परदेशी शिक्का अर्ध्या गावाला दाखवला आणि मग माझ्या हातात दिलं. मला वाचायच्या आधी लोकांना ठाऊक, की दुलीचंदचा पुतण्या जपानात पोचला.

तू नागपूरला वकिलीच्या परीक्षेला जातो म्हणालास. मी स्वतः छकडा जुंपून तुला तिरोड्याच्या टेसनावर सोडलं. तुझ्या बायकोनं, धनवंतानं, लाडू बांधून दिले. नागपूरच्या गाडीत बसलास, हात हलवलास, आणि पुढे तुमसरला उतरून उलटी गाडी धरलीस. म्हणजे आमच्याच तिरोड्यावरून कलकत्त्याला गेलास. काकाला फसवायला आगगाडीचा एवढा फेरा. सरळ सांगितलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो, एवढंच ना? नाही ऐकून घ्यायलाही छाती लागते बाप्पा.

लिहितोस की रेशमाची विद्या शिकणार, त्याआधी तिथली भाषा शिकून राहिलास, आणि एका विणकराच्या घरी पाहुणा म्हणून राहतोस. आपल्या जंगलात कोशाचं रेशीम काय कमी आहे? कोष्ट्याच्या घरी जाऊन बसला असतास तर त्यानं तुला आपल्या बोलीत शिकवलं असतं.

आता मुद्द्याचं ऐक. बिसराम पटेल आणि जातीचे पंच परवा माझ्या घरापुढच्या सपरीत, ओसरीवर येऊन बसले. समुद्र ओलांडला तो जातीतून गेला, असं त्यांचं म्हणणं. येत्या अक्षय तृतीयेच्या, तिजेच्या आत परत आलास तर प्रायश्चित्त देऊन घेतील. नाही आलास, तर अक्षय तृतीयेला आपण पितरांची पानं वाढतो, त्यांच्या ओळीत एक पान तुझ्या नावाचं वाढायचं आणि त्याच्याभोवती मी माझ्या हातानं पाणी सोडायचं. म्हणजे तू मेलास. मग धनवंता मोकळी, तिचा दुसरीकडे पाट लावायचा. मी पाणी सोडलं नाही तर सारं घर वाळीत. रामकलीची सोयरीक कुडव्याला जमून राहिली आहे, तीही मोडणार. माझ्या एकुलत्या एक पोरीचं लग्न तुझ्या बोटीला बांधून ठेवलंय तू.

थोरल्या भावामागं मी तुला वाढवला, ते माझ्या हातानं तुला पाणी सोडायला नव्हे. तुझी माय देवकाबाई बोलत नाही. धनवंता बोलत नाही. घरात मी एकटाच बोलून राहिलो.

धानाची कापणी चालू आहे. ये.

दुलीचंद


क्योटो, ३० डिसेंबर १९०५

तीर्थरूप काकाजींस,

माझा नमस्कारही रीतीपुरताच. सुरुवात तुम्ही केलीत.

मी कोष्ट्याच्या घरी बसलो असतो तर पहिले तुम्हीच ओरडला असता, की आपल्या घरचा पोरगा कोष्ट्याच्या दारी काऊन बसून राहिला. नाही ऐकायची छाती म्हणता, तर तुमचं नाही मी लहानपणापासून ऐकत आलो. शाळेला नाही, नागपूरला नाही, मग रडारडीनंतर हो. या वेळी रडायला वेळ नव्हता. नागपूरच्या मंडळींनी वर्गणी करून पाठवलं, बोट ठरलेली होती.

आणि पंचांना माझा एक सवाल सांगा. आपले पुरखे माळवा सोडून या जंगलात आले, तेव्हा मागे राहिलेल्यांनी त्यांची पानं पितरांत वाढली होती का? वाढली असतील तर आपण सगळेच मेलेल्यांची औलाद. मग मी एकटा काय मरतो.

इथलं विचारलं नाहीत, तरी सांगतो. घर म्हाताऱ्या जिन्बेईचं. तो मऊ आहे. त्याची बायको योने मऊ नाही. आम्ही बुद्धाच्या देशातले म्हणून तिनं मला घरात घेऊ दिलं. तिला वाटलं, कोणीतरी साधू येईल. आल्या दिवशी तिनं देवघरापुढे बसवून मंत्र म्हणायला सांगितलं. मला बुद्धाचं एक अक्षर येत नाही. मी आपली घरची आरती म्हटली, टाळ्या वाजवून. ती उठून गेली.

दुसऱ्या आठवड्यात अंघोळीवरून झालं. इथे लाकडी पिंपात कढत पाणी भरतात. अंग बाहेर धुऊन मग आत नुसतं बसायचं, आणि त्याच पाण्यात एकामागून एक सारं घर बसतं. पाहुणा पहिला. मी साबण घेऊन आत उतरलो आणि बोडीच्या पाण्यात म्हैस घोळते तसा घोळलो. थंडीच्या दिवसांत सगळं पाणी फेकून तिला पुन्हा चूल पेटवावी लागली. तेव्हापासून माझा नंबर शेवटचा.

भाषा मात्र तीच शिकवते, मी जातो त्या भाषेच्या शाळेपेक्षा जास्त. लिप्या तीन, त्यांतली एक चित्रांची, तिला अंत नाही. समोर कोण बसलंय ते बघून क्रियापद बदलावं लागतं. चुकलो की ती मापाची बांबूची पट्टी माझ्या पुढ्यात जमिनीवर आपटते. मी तिचंच ऐकून बोलतो, म्हणून शाळेत पोरं हसतात. म्हणतात, हा हिंदुस्थानी जुन्या क्योटोतल्या म्हातारीसारखा बोलतो.

तिला माझा राग असेल, पण तिचं दुःख मला कळतं. तिचा एकुलता मुलगा सेइकिची रशियाशी झालेल्या लढाईत मारला गेलेला दिसतो. रोज जेवताना त्याच्या जागेवर त्याचं ताट मांडतात. भात, सार, वर झाकणं, जेवायच्या काड्या. कोणी त्याला हात लावत नाही. शेवटी ती साराच्या वाटीचं झाकण उचलून बघते आणि परत ठेवते.  

तिजेच्या आत मी येणार नाही. पाणी सोडायचं असेल तर तुमची मर्जी.

हुकुमचंद


मोहगाव, माघ शुद्ध त्रयोदशी
६ फेब्रुवारी १९०६

हुकुमचंद,

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. 'मेलेल्यांची औलाद' वाचलं तेव्हा तुझी माय उठून गोठ्यात गेली. अक्षरं शिकलास, कोणापुढे काय वाचलं जाणार ते शिकला नाहीस.

पुरख्यांची गोष्ट मला शिकवू नको. ते बायकामुलं, ढोरं, देव, सगळं गाड्यांत घालून आले. आगगाडीच्या खिडकीतून हात हलवून नाही. तू धनवंताला नेलंस? तिला सांगितलंस तरी? तिच्या माहेरचे दोनदा नेऊ म्हणून आले. ती म्हणते, खळ्यावर धान चुरायचं आहे, मग येईन. धान चुरून ढोलीत पडलं, तरी ती जात नाही. मी तिला सासरा म्हणून काही विचारू शकत नाही, आणि तुझी माय विचारत नाही.

बिसरामला तुझा सवाल सांगितला. तो म्हणाला, "पोरगं हुशार हाये. हुशार पोराचं पान वाढाले जास्त तूप लागंल." असे लोक आहेत. त्यांच्यात मला राहायचं आहे, तुला नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही भांडणातली नाही.

त्या बाईचं वाचून मला रात्रभर बरं वाटलं नाही. मेलेल्या पोराचं पान रोज मांडतात आणि त्याला पाणी सोडत नाहीत, घास कावळ्याला देत नाहीत? मग तो पोरगा तसाच उपाशी हिंडत असेल. लढाईत गेलेल्याला कोणी पाणी दिलं नसेल. त्यांना रीत ठाऊक नसेल, परके लोक आहेत. तू त्याच्या वयाचा, त्याच्या घरचं अन्न खातोस. एक दिवस सकाळी अंघोळ कर, आणि अंग बाहेर धू. मग ते ताट घे, दक्षिणेकडे तोंड करून त्याभोवती पाणी सोड, घास बाहेर भिंतीवर ठेव. कावळा शिवला की त्या माउलीला जाऊन सांग, तुझा मुलगा जेवला. तिचा जीव निवेल. मला शिव्या दे, पण एवढं कर.

आणि त्यानंतर घरी ये. तिजेला अजून वेळ आहे.

दुलीचंद


क्योटो, २० मार्च १९०६

काकाजी,

तुमचं ऐकलं. लहानपणापासून तुमचं ऐकून जे झालं नाही ते या वेळी झालं.

मी सकाळी अंघोळ केली. ताट अंगणात नेलं, दक्षिणेकडे तोंड केलं, पाणी सोडलं, भात भिंतीवर ठेवला. कावळे इथेही तसेच आहेत, लगेच आले. मग मी योनेबाईपुढे हात जोडून बसलो आणि म्हणालो, तुमचा मुलगा जेवला, आता तो सुटला. दुर्दैवानं सगळे शब्द बरोबर आले. एवढं शुद्ध जपानी मी अजून बोललो नव्हतो.

तिनं रिकामं ताट पाहिलं. मग भिंतीवर पाहिलं. अंगणात सकाळी भुरभुर बर्फ पडलेलं होतं, तशी अनवाणी धावली. कावळ्यांना हाकललं आणि भिंतीखालच्या बर्फातून भाताची शितं वेचायला लागली. एकेक शीत उचलून पदरासारख्या त्या बाहीत गोळा करत होती. मी मदतीला वाकलो, तर तिनं माझा हात झटकला.

जिन्बेईनं मला आत नेऊन, लहान पोराला सांगावं तसं हळूहळू सांगितलं. सेइकिची मेलेला नाही. तो मंचुरियात आहे. लढाई संपली, पलटणी परत येऊन राहिल्यात, तो ज्या तुकडीत होता तिचा पत्ता लागत नाही इतकंच. ते ताट जिवंत माणसाचं आहे. घरातला माणूस लांब गेला की इथे त्याचं पान रोज त्याच्या जागेवर मांडतात, म्हणजे तो जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही. जेवण झालं की झाकण उचलून बघायचं. झाकणाला आतून घाम आलेला असला, थेंब धरलेले असले, की तो सुखरूप आहे. म्हणून ती रोज बघत होती. नंतर ते अन्न घरचंच कोणी खातं.

देवघर दुसऱ्या खोलीत होतं. ताट देवघरापुढे नव्हतं, चुलीशेजारी त्याच्या जागेवर होतं. एवढं मला दिसायला पाहिजे होतं. पण आपल्या गावाला न आलेल्या माणसाचं एकच पान ठाऊक आहे, मेलेल्याचं. ते तुम्ही मला लहानपणापासून शिकवलंत आणि पत्रानं परत शिकवलंत.

आता ती माझ्याशी बोलत नाही. घालवून देत नाही, कारण नवऱ्यानं शब्द दिला आहे. जेवण दाराशी ठेवते आणि दार लावून घेते. भाषा तिच्या तोंडून येत होती, ती बंद झाली. शाळेत आता माझ्यावर हसत नाहीत, कारण मी बोलतच नाही. रेशमाच्या शाळेची भाषेची परीक्षा आषाढाच्या सुमाराला आहे.

हे पत्र पोचेल तेव्हा तीज आली असेल. वाढा माझं पान. बिसराम पटलाला तूप जास्त वाढा. तुम्ही न पाहिलेल्या एका पोराला त्याच्या आईदेखत मारलंत, मला तर अंगाखांद्यावर खेळवलंय, तेव्हा सोपं जाईल. फक्त पाणी सोडायच्या आधी एकदा धनवंताला विचारा.

हुकुमचंद


मोहगाव, वैशाख शुद्ध पंचमी
२८ एप्रिल १९०६

हुकुमचंद,

तुझं पत्र तिजेच्या आदल्या दिवशी आलं. तुझी माय, धनवंता आणि रामकली बसल्या होत्या, मी वाचून दाखवलं. त्या बाईनं शितं वेचली तिथे मी थांबलो, आणि तुझी माय म्हणाली, "वाचा गा, थांबले कायले?" मग सगळं वाचलं. शेवटची ओळ गिळली. धनवंताला विचारा, ही. तिला विचारायला माझी जीभ उचलली नाही.

त्या माउलीला मी दुखवलं. इथे बसून, शाईच्या दौतीनं. याचं काय करावं मला अजून कळलं नाही. पण तू जे लिहिलंस, की तुला मारणं मला सोपं जाईल, ते मी विसरणार नाही. तू समोर असतास तर बैलाच्या दांडक्यानं उत्तर दिलं असतं.

आता तिजेचं. बिसराम पटेल, दोन पंच आणि कुडव्याचे गुलाबचंद, म्हणजे रामकलीचे होणारे सासरे, सगळे साक्षीला येऊन सपरीत बसले. वडे, तळलेल्या सुवाऱ्या, कढी, आंब्याचं पन्हं, सगळं केलं. पळसाची पानं दक्षिणेकडे तोंड करून मांडली. माझा बाप, माझी माय, तुझा बाप. आणि मग चौथं. होय, मांडलं. मला पोरीचं लग्न करायचं होतं. तुझं कर्तव्य तू केलं नाहीस, माझं मी करत होतो.

पहिल्या तिघांना पाणी सोडलं. चौथ्याजवळ येऊन ओंजळ भरली आणि हात तसाच राहिला.

बिसराम म्हणाला, "दुलीचंद, सोड पानी. भात निवून राहिला."

"सोडतो."

"मंग सोड ना. कायची वाट पाहून राहिला?"

तेवढ्यात धनवंता आतून आली. पदर नाकापर्यंत ओढलेला, हातात काशाची वाटी, वर झाकण. चार पुरुष बसलेले, पण ती सरळ आली. वाकली, तुझं पान ओळीतून उचललं आणि उगवतीकडे तोंड करून भिंतीशी मांडलं, तू जेवायला बसायचास तिथे. वाटी शेजारी ठेवली.

"सूनबाई," बिसराम म्हणाला, "पितराच्या पानाले हात लावला तू."

"पितराचं नाही जी. धन्याचं हाये."

"मंग धनी कोठी हाये?"

"दूर हायेत. उशीर होऊन राहिला त्याइले."

"आता हे पान कोन खाईल? गाय का कावडा?"

"आपल्यात बायको नवऱ्याच्या पानात जेवते," ती म्हणाली. "मेलेल्याच्या पानात कोनी जेवत नाही."

आणि खाली बसून जेवायला लागली. आमच्याकडे पाठ करून, सावकाश, पान स्वच्छ होईपर्यंत. तिचं लग्न झाल्यापासून मी तिचा आवाज एवढा ऐकला नव्हता.  माझ्या ओंजळीतलं पाणी बोटांतून गळत होतं. उरलं ते मी पिऊन टाकलं.

बिसराम उठला. "दुलीचंद, आजपासून तुह्या घरचं पानी बंद."

मी म्हणालो, "बरं झालं पटेल. विहीर तशीही आटून राहिली."

 गुलाबचंद जोडे घालताना एवढंच म्हणाले, सोयरीक झाली नाही असं समजा. रामकली दोन दिवस जेवली नाही. काल मला म्हणाली, "दादाले लिहा, माझं लगन त्यानं मोडलं. आता तेथूनच एक जपानी धाडून दे म्हणा, अंग बाहेर धुवून येनारा." बोलली हसून, पण मग माझ्याकडे पाठ फिरवली. हे तुझ्या नावावर आहे. तुझ्या आणि माझ्या.

तिजेपासून तुझी माय रोज तुझं पान मांडते. वाटीत गरम भात, वर झाकण. सगळ्यांचं झालं की धनवंता झाकण उचलून बघते आणि मग जेवते. मी म्हणालो, वैशाखात गरम भातावर झाकण ठेवलं की घाम धरणारच, त्याला जपानातला पोरगा कायले पाहिजे. तुझी माय म्हणाली, "तुम्ही पाहू नका."

मी बघतो.

माझा राग गेला असं मुळीच समजू नको.

दुलीचंद


क्योटो, १४ जुलै १९०६

काकाजी,

तुमचं पत्र वाचून मी प्रथम भांडायलाच बसलो होतो. रामकलीचं लग्न पंचांनी मोडलं, मी नाही, असं दोन पानं लिहून फाडलं. ती माझ्याशी भांडेल तेव्हा तिलाच सांगेन.

धनवंतानं केलं ते मला योनेबाईला सांगायचं होतं. ती बोलत नव्हती, तरी ती रिळं भरायला बसली असताना मी दाराबाहेर बसून सांगितलं. तीज काय, पितरांची ओळ काय, पाणी काय. शब्द अडले तिथे हातानं दाखवलं. तिनं मान वर केली नाही. शेवटी मी म्हणालो, माझ्या बायकोनं ते पान उगवतीकडे ठेवलं आणि जेवली. तेव्हा तिचे हात थांबले.

"त्या मुलीचं नाव काय?"

मी सांगितलं. तिनं ते तीन तुकडे करून म्हणून पाहिलं. धान्, वान्, ता. मग म्हणाली, तू 'जेवली' चुकीचं म्हणालास, बायकोबद्दल परक्यापुढे असं आदरानं बोलत नाहीत. पट्टी शोधायला लागली. तिच्या मारक्या आवाजानं मला एवढं बरं वाटलं, की मी मुद्दाम आणखी दोन चुका केल्या.

परीक्षा पास झालो. रेशमाच्या शाळेत घेतलं आहे.

आता दुसरं. मागच्या आठवड्यात सेइकिचीच्या पलटणीतला एक माणूस आला. काठी टेकत आला होता. उंबऱ्याशीच गुडघे टेकून बसला आणि आत यायला तयार होईना. मला सगळं कळलं नाही, पुरेसं कळलं. सेइकिची लढाई चालू असतानाच, मागल्या वर्षीच्या हिवाळ्यात, मंचुरियात तापानं गेला. मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं त्याच्याही आधी.

म्हणजे मी घास भिंतीवर ठेवला तेव्हा तो खरंच मेलेला होता. मी बरोबर होतो. बरोबर असण्याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आणि झाकणाला रोज घाम येत होता काकाजी. मी स्वतः पाहिला होता.

त्या संध्याकाळीही तिनं ताट मांडलं. कोणी जेवलं नाही. सकाळी ती माझ्या खोलीशी आली. ताट हातात होतं. ते तिनं माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "तुझ्या गावचं आता कर."

मी अंघोळ केली. दक्षिणेकडे तोंड करून पाणी सोडलं. ती दारात उभी होती. कावळा लवकर येईना, मग एक आला, भिंतीवर इकडेतिकडे चालला आणि मग त्यानं घास उचलला. या वेळी तिनं त्याला हाकललं नाही. "जेवला का?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. मागच्या वेळचं पुढचं वाक्य मला येत होतं, पण मी ते म्हणालो नाही.

चुलीशेजारची जागा आता रिकामी असते. ती वाढताना अजून त्या जागेकडे वळते आणि परत फिरते.

फाल्गुनात माझं इथलं संपेल. पुढच्या तिजेच्या आत येईन. बैलाचं दांडकं तयार ठेवा, पळणार नाही. पण तोवर माझं पान बंद करू नका. माय थकली तर तुम्ही मांडा.

हुकुमचंद


मोहगाव, भाद्रपद, सर्वपित्री अमावस्या
सप्टेंबर १९०६

चि. हुकुमचंद,

आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते वाचून दाखवलं नाही. तुझी माय तुझ्या पानावर झाकण ठेवत होती. तिला काय सांगू, की घाम येतो आणि तरीही. दोन दिवसांनी सांगितलं. तिनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "त्या बाईनं पोटभर खाऊ घातलं पोराले. मेला असंल तरी उपाशी नाही मेला." आणि झाकण ठेवलं.

घरचं सांगतो. पाणी बंदच आहे. बिसरामचा गडी आमच्या धानाच्या बांधीशेजारून जाताना तोंड फिरवतो, आणि मी त्याला मुद्दाम रामराम घालतो. धानाच्या रोवण्याला बाया मिळेनात. रामकली, धनवंता, तुझी माय आणि या वयात मी, चिखलात उतरलो. रामकली अजून तुझ्यावर फुगलेली आहे. तुझं नाव काढलं की म्हणते, कोन हुकुमचंद. पण तुझ्या पानाला वाटी काशाची नको, पितळेची चांगली, तिला झाकण नीट बसतं, हे तिनंच शोधून काढलं. तेव्हा तू आल्यावर आधी माझं दांडकं, मग तिचं.

आज अमावस्या. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याला आजचा दिवस. सकाळी पितरांची पानं मांडली. माझा बाप, माझी माय, तुझा बाप. आणि चौथं मांडलं. तुझी माय बघत राहिली, मग तिला कळलं, आणि तिनं आत जाऊन आणखी एक सुवारी आणून त्यावर ठेवली. बाहेरचं कोणी येत नसल्यामुळे विचारणारं कोणी नव्हतं. मी ओंजळ भरली आणि त्या पोराचं नाव घेतलं. सेइकिची. दोनदा अडखळलो, तिसऱ्यांदा बरोबर आलं असावं. तिथली भाषा मला येत नाही, म्हणून आपल्याच बोलीत सांगितलं, बाबा, मी तुझ्या आईला चुकून दुखवलं, जेवून घे. पाणी सोडलं. घास आवाराच्या भिंतीवर ठेवला.

हे तिला कळव. नीट भाषेत कळव, ती पट्टी मारेल तरी.

तुझं पान भिंतीशी आहे, उगवतीकडे तोंड करून. सगळ्यांचं जेवण झालं. धनवंता झाकण धरून बसली आहे आणि माझं लिहून व्हायची वाट बघते. भात निवून राहिला. ये.

दुलीचंद